पंधरा दिवसांसाठी उभी केलेली गाडी

२६ एप्रिल २०२५, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून नवी वही. कारण ऐतिहासिक. चौदा वर्षांनी मोटरसायकल पुन्हा चाळीच्या अंगणात, स्वतःच्या चाकांवर. इंजिन लालबागच्या गुणाजी मेकॅनिकने बांधलं. बाकी सगळं मी. म्हणजे पॉलिश, नवी सीट, दोन हेल्मेटं आणि देखरेख. देखरेखीला गुणाजी बडबड म्हणतो. असो.

सप्टेंबर २०११मध्ये, विसर्जनाच्या गर्दीत नको म्हणून, गाडी फक्त पंधरा दिवसांसाठी उभी केली होती. मग राहिलं. पण उभी करताना जी काळजी मी घेतली, ती अख्ख्या गिरगावात कोणी घेतली नसेल. तेव्हाच्या डायरीत सगळी नोंद आहे.

संकल्प: यंदा सुनंदाला मिरच्यांसकट गाडीवरून लालबागला नेणे, डंकावर मसाला कुटून आणणे. दरवर्षी बिचारी पिशव्या घेऊन बसने जाते. लग्न झालं तेव्हा कुठेही बसने नेणार नाही म्हणालो होतो.

संध्याकाळी ६
तिसऱ्या किकला सुरू! आठ सेकंद चालली. मग बंद. पहिल्या दिवसाला आठ पुष्कळ झाले.

२७ एप्रिल
अकरा किका. सहा सेकंद. प्लग बदलला. पाच सेकंद. म्हणजे जुना प्लग चांगला होता. एवढं तरी कळलं.

सुनंदा म्हणाली, जुन्या डायरीत बघा ना, उभी करताना काय काय केलं होतंत. मी म्हटलं, तोंडपाठ आहे. बॅटरी काढली, टाकी रिकामी केली, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं. चौथं काहीतरी होतं. किरकोळ असणार.

२९ एप्रिल
पेट्रोलवर संशय. वास घेतला. पूर्वीच्या पेट्रोलच्या वासात एक प्रामाणिकपणा होता. सगळं काढून ताजं भरलं. नऊ सेकंद! प्रगती.

१ मे. सुट्टी (निवृत्त माणसालाही असते)
कार्बोरेटर लिंबाच्या पाण्यात उकळला. व्हिडिओत दाखवतात. भांडं कुठलं घ्यायचं ते दाखवत नाहीत. मी खिरीचं पातेलं घेतलं. सुनंदा म्हणाली, आता खीर गुणाजीकडेच करा. कार्बोरेटर मात्र लखलखीत. सहा सेकंद.

३ मे
गुणाजी येऊन गेला. गाडीच्या मागे उकिडवा बसला, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. म्हणाला, "साहेब, मागसून वारोच येना नाय. सायलेन्सर खोलूया." साफ नकार दिला. सायलेन्सर ओरिजिनल आहे. इंजिन लालबागला गेलं तेव्हाही तो मी पाठवला नाही, घरी पलंगाखाली पेपरात गुंडाळून ठेवला. क्रोममध्ये तोंड दिसतं. पाना लागला की ओरखडा आलाच. गुणाजी म्हणाला, तोंड आरशात बघा साहेब. मेकॅनिक लोकांना सौंदर्यदृष्टी नसते.

५ मे. रात्री
चाळ कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी यशोधन म्हणाला, रविवारी अकरा तारखेला अंगणात पेव्हर ब्लॉक बसणार, न हलणाऱ्या वस्तू हलवा. 'न हलणाऱ्या' म्हणताना माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. भर सभेत सांगितलं, रविवारी सकाळी दहा वाजता सुनंदाला मागे बसवून, मिरच्या घेऊन, ह्या गाडीवर गेटाबाहेर पडेन. नाही पडलो तर गाडी ज्याला हवी त्याने फुकट न्यावी. यशोधनने ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं. खुशाल लिही म्हटलं.

घरी सुनंदा म्हणाली, मला मागे बसवणार हे मला आधी सांगायचंत तरी. थोड्या वेळाने विचारलं, साडी नेसू की ड्रेस घालू. पहिल्यांदा मागे बसली होती तेव्हा अबोली साडी होती, असं तिचं म्हणणं. मला आठवत नाही. हो म्हटलं.

८ मे
कॉइल बदलली. चार सेकंद. इथे समुद्राची दमट हवा लागते, शिवाय अंगणाला उतार आहे. गाडीचा दोष नाही.

मिरच्या गच्चीवर कडक वाळल्या. त्यांतल्या दोन घेऊन लिंबाबरोबर हँडलला बांधल्या. माझा विश्वास नाही. दिसायला बरं दिसतं.

१० मे
गुणाजीचा फोन. "साहेब, उद्या येतंय. पानो घेऊन येव काय?" नको म्हटलं. साक्षीदार म्हणून ये.

११ मे, रविवार. सकाळी १०.४०
सगळी चाळ गॅलरीत. सुनंदा अबोली साडीत, हेल्मेट घालून, मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. पहिल्या किकला सुरू! टाळ्या पडल्या. गिअर टाकला. गेट चार हातांवर राहिलं आणि बंद.

बावीस किका मारल्या (मोजणारा यशोधन). पंधरावीपर्यंत सुनंदा मागे बसून होती. मग हळूच म्हणाली, अहो, पुरे, दम लागलाय तुम्हाला. आणि उतरली.

शब्द म्हणजे शब्द. म्हटलं, न्या कोणीतरी. कोणी पुढे येईना. फुकटसुद्धा नको! त्याचं फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. शेवटी गुणाजी म्हणाला, मी नेतंय. चावी दिली. हेल्मेटही दिलं.

११.१५
गुणाजीने विचारलं, आता खोलू? म्हटलं, गाडी तुझी. पाना त्याच्या खिशातच होता. दोन बोल्ट. तारेचा आकडा आत घालून त्याने काळं, लांबलचक काहीतरी ओढून काढलं. यशोधन म्हणाला, घूस आहे. झटकल्यावर बनियन निघालं. बाह्यांचं. चाळीत बाह्यांचं बनियन घालणारा मी एकटाच.

एका किकला सुरू झाली. बंद होईना.

गुणाजीने चावी पुढे केली. "घेवा साहेब, तुमचीच गाडी." सगळे बघत होते. म्हटलं, मी दिलेला शब्द परत घेत नाही. मान ताठ होती माझी. मग तो सुनंदाकडे वळला. "वहिनीनू, मी लालबागाकच चललंय. मिरचे कुटूक येतास?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने पदर खोचला आणि बसली. गेटातून वळता वळता ओरडली, बरण्या धुऊन ठेवा!

१२.३०
जुनी डायरी काढली. १० सप्टेंबर २०११: 'उद्याच्या मिरवणुकीतला गुलाल आत जाऊ नये म्हणून सायलेन्सरमध्ये जुनं बनियन छत्रीच्या दांड्याने खोलवर ढकललं. सुरू करण्याआधी काढणे. मी विसरणारा माणूस नाही. सुनंदा लिहून ठेवा म्हणाली म्हणून लिहितो.'

चौदा वर्षांत गुलालाचा एक कण आत गेला नाही. हे मात्र कोणी बोललं नाही.

संध्याकाळी ५
सुनंदाचा फोन. मसाला झकास झालाय. गाडी लोण्यासारखी चालते म्हणाली. गुणाजी जरा वडाळ्यापर्यंत फिरवून आणतोय, उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या.

सहाही बरण्या धुतल्या. एकीच्या तळाशी फडकं राहिलं होतं. ते काढलं. नोंद करून ठेवतो.