वेबसाइटवर उजळलेले बाबा

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

ती. धर्मराजदादास,

धाकट्या रोहिदासचा वाकून नमस्कार, वहिनींनाही सांग. तुझा गुडघा, तुमची लिफ्ट आणि करंजाड्याचं पाणी, तिन्ही बरी चालत असतील अशी आशा आहे. इकडे आईची तब्येत ठीक. (म्हणजे बाजारात मासळी घेऊन बसत नाही, पण बसणाऱ्यांचा भाव अजून तीच ठरवते.) पोस्टाने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू न वाचताच हात जोडलेलं चित्र टाकतोस, म्हणून हा खटाटोप.

विषय आहे आपल्या कुलमंडळाच्या वेबसाइटचे फायदे. गेल्या सभेत तूच म्हणालास (मोबाइलवरून, बनियनवर) की वेबसाइटमुळे अख्खी भावकी एका जागी आली. खरंच आहे. उरणकडची विसरलेली शाखा सापडली. कोण कोणाचा चुलत, कोण मावस, याची भांडणं मिटली. वाढदिवसाची यंत्रणा तर इतकी चोख, की वारलेल्या नामाआजोबांना तिने परवा 'दीर्घायुषी व्हा' म्हटलं आणि खाली भावकीने केकची चित्रं टाकली. पूर्वी आपल्याला एकमेकांचे वाढदिवस ठाऊक नसायचे, पण कोणाच्या घरी आज काय कालवण आहे ते ठाऊक असायचं. असो. वेबसाइट माझ्याच लेकीने, अर्पिताने बनवलीय, त्यामुळे मला घरात फार बोलायची सोय नाही.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते 'टाक उजळा' बटण. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवघरातले पूर्वजांचे चांदीचे टाक चिंचेने घासायला सगळे घरी यायचे. ज्याने त्याने आपल्या माणसाचा टाक घासायचा, आणि बापाच्या टाकाला थोरल्याचाच हात, ही आपली रीत. आता बटण दाबलं की पडद्यावर टाक लखलखतो. परदेशातल्यांसाठी केलं होतं रे ते! आणि यंदाही सगळ्यांत आधी दाबलं कोणी? करंजाड्याच्या माणसाने. रिक्षावालासुद्धा जिथून इकडे यायला 'चला' म्हणतो, इतक्या जवळून.

त्या दिवशी आई सकाळपासून चिंच भिजवून उंबऱ्याशी बसली होती. अर्पिताने कौतुकाने फोन पुढे केला, की आजी, बघ, मोठ्या बाबांनी आजोबांना उजळलं. आईने चिंचेचा अंगठा काचेवर दोनदा घासून बघितला (फोनला तेव्हापासून ऐकू कमी येतं), मग उठून देवघरात जाऊन आली आणि म्हणाली, "मोबाइलवाला चकचकीत हाय. पन माजा नवरा इकरं कालाच हाय."

मी म्हटलं, मी घासतो. चिंच हातात घेतली तोच मनगटावर फटका बसला. या वयात, अर्पितादेखत! "तुजा नाय, धर्माचा हात लागला पायजे," म्हणाली. तू येत नाहीस तेव्हापासून बाबा तसेच काळे बसलेत, आणि आई ती चिंच टाकून देत नाही, बरणीत भरून ठेवते.

दादा, खरं सांगतो, तुझी फार आठवण येते. आपण दोघं देवघरात बसायचो, तू निम्मी चिंच खाऊन टाकायचास आणि मार मला मिळायचा. यंदा मार मिळाला, पण शेजारी हसायला तू नव्हतास. मला मुळीच मजा आली नाही.

तुझ्या मनस्वीला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा,
रोहिदास

ता. क. : मी वेबसाइटच्या विरोधात आहे असं कुठे बोलू नकोस. हे पत्र पोस्टात टाकायला अर्पिताच निघालीय.

ता. क. २ : आईला पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, "येवरं लांबन कशाला लावलंस? जेवाला ये, येवरंच लिव." तर दादा, जेवायला ये.