साध्या पेट्रोलचा पंप

३ मार्च, मंगळवार

स्कूटर पुन्हा चौकात बंद पडली! हिरवा दिवा लागलाय, मागच्यांच्या हॉर्नने कान किटलेत, आणि हे शांतपणे किका मारतायत. मी सीटवरून उतरले नाही. एकदा उतरलं की परत चढायला स्टूल लागतं.

शेवटी उतरावंच लागलं. मिस्त्रीपर्यंत यांनी गाडी ढकलली, मी पिशवी धरली. मिस्त्रीने पेट्रोलची नळी काढून माझ्या हातात ठेवली – भिजलेल्या नाडीसारखी लोळागोळा. म्हणाला, "आजी, हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. नव्या गाड्या पचवतात. तुमची जुनी आहे, तिची रबरं खाऊन टाकतं ते."

"म्हणजे नक्की काय असतं?"

"दारूच समजा."

हे जन्मात थेंबाला शिवले नाहीत. घरात एक तरी शौकीन निघालं म्हणायचं.

५ मार्च, गुरुवार

गाडी मिस्त्रीकडेच. धाकटीकडे जाणं चुकलं.

माझी धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला. कमरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर. घरचे सगळे कामाला जातात, गुरुवारी मी नाही गेले तर तिला भांडायला कोणी नाही. बसच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत. फोनवर तिला ऐकू येत नाही, आणि ओरडून भांडण्यात काही मजा नाही. म्हणजे स्कूटर आहे तोवर बहीण आहे. साधा हिशोब.

६ मार्च, शुक्रवार

मुलगा म्हणे, विकून टाका ते डबडं. वर म्हणे, बाबांना नीट दिसतं तरी का?

"बघायला मी आहे ना," म्हटलं.

खरंच आहे ते. यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. आमचं ठरलेलं आहे – गाडी ते चालवतात, रस्ता मी बघते. डावीकडे खड्डा आला की डाव्या खांद्यावर चापट, उजवीकडे आला की उजव्या. माणूस आडवा आला की दोन्ही! मुलाला हे सांगितलेलं नाही. सुनेला तर नाहीच. ती लॅबमध्ये कामाला, तिला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो.

मिस्त्री म्हणतो साधं पेट्रोल मिळतं, पण एकाच पंपावर. हायवेच्या पलीकडे. आणि महाग. जवळच्या पंपावर फक्त मिसळीचं. मिसळीचं घातलं तर गाडी मरणार. साधं घालायचं तर ट्रकच्या गर्दीतून हायवे ओलांडायचा.

"काय करू या?" यांनी विचारलं.

"गाडी मेली तर मी घरात बसून मरेन. त्यापेक्षा हायवे बरा."

१२ मार्च, गुरुवार

ओलांडला हायवे! चापटा मारून मारून हात भरून आला. एका ट्रकवाल्याने शिवी दिली. मी परत दिली, माझी लांब होती.

पंपावर दोन मशीनं. हे म्हणाले, "कुठलं साधं, कोणाला तरी विचार."

"विचारायचं कशाला? चौथी झालेय मी." बोर्ड वाचला. डावीकडचं. टाकी फुल केली. महाग महाग म्हणून मिस्त्रीने उगाच घाबरवलं, नेहमीएवढंच तर पडलं!

तिथून तडक धाकटीकडे. ती म्हणाली, "गेल्या गुरुवारी कुठे मेली होतीस?"

"तुझ्या आधी कशी मरेन?"

दुपार छान गेली.

२६ मार्च, गुरुवार

पुन्हा त्याच पंपावर, डावीकडचं मशीन. हे म्हणतात गाडी आता कशी लोण्यासारखी चालते. मला काही फरक वाटत नाही, पण बोलले नाही. बोलायला धाकटी होती.

या वहीच्या रेघा फार फिकट छापल्यात. दुकानदाराला झापायला हवं.

९ एप्रिल, गुरुवार

गाडी रस्त्यातच बसली. धाकटीकडे पोचलो नाही. नळी पुन्हा लोळागोळा – नवी कोरी नळी!

मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. त्यात थोडं पाणी ओतलं, हलवून ठेवलं. तळाचं पाणी वाढलेलं! म्हणाला, "साध्या पेट्रोलमध्ये पाणी घालाल तेवढंच राहतं. हे मिसळीचं आहे, आजी. त्यातलं इथेनॉल पाण्यात उतरलंय."

म्हणजे पंपवाला चोर! साधं लिहून मिसळीचं विकतो! घरी येऊन सगळ्यांसमोर त्याचा उद्धार केला. सून म्हणाली, "थांबा आई. उद्या मीच जाते."

भांडायला सून बरी आहे. बाकी काय.

१० एप्रिल, शुक्रवार

सून पंपावर गेली आणि न भांडता परत आली. मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. म्हणे हा बोर्डाचा फोटो, अक्षरं म्हशीएवढी आहेत – डावीकडे मिसळीचं, उजवीकडे साधं.

"रातोरात बदलला असेल मेल्याने," म्हटलं.

"हो ना. बरं, आता हा फोटो कोणाचा ते सांगा."

मी बघितला. "तुझ्या आईचा. जाड झालीय."

तो माझा होता.

सोमवारी दोघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार. स्कूटरची किल्ली तिने पर्समध्ये टाकली.

११ एप्रिल, शनिवार

यांनी किल्ली मागितली. मी मागितली. दिली नाही. धाकटीचा फोन आला, "येणार की नाही?" मी काय सांगितलं ते तिला ऐकू गेलं नाही. बरंच झालं.

१३ एप्रिल, सोमवार

यांचा एक डोळा गेल्यात जमा, दुसरा बरा. माझे दोन्ही यांच्या वाईट डोळ्याहून वाईट! ऑपरेशन आधी माझं. गुरुवारी सून रजा काढून मला धाकटीकडे सोडणार आहे. मी मागितली नव्हती रजा.

दवाखान्याच्या पायरीवर तिने विचारलं, "मग इतके दिवस रस्ता कोण बघत होतं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.