नऊ वीसची गाडी, फलाट सहा

प्रिय ठमे,

सध्या मला सगळ्याचीच शिसारी आली आहे, तेव्हा पत्राची सुरुवात गोड होईल अशी आशा धरू नकोस. कचेरीत पाऊल टाकलं की डोकं उठतं. गाड्यांना फलाट नेमून देणारं तुमचं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले होते. आता ते कुणी आणलं हेही त्यांना आठवत नाही. भिंतीएवढे पडदे आले, फिरत्या खुर्च्या आल्या, पण सहाव्या फलाटाची लिफ्ट चार महिने बंद ती बंदच. तिच्या दारावरचा 'तसदीबद्दल क्षमस्व'चा कागदसुद्धा पिवळा पडला.

आणि सगळ्यांत जास्त किळस येते ती माझ्या कौतुकाची. अपघात झाल्यापासून जो तो येऊन पाठ थोपटतो. तिकीट तपासनीस म्हणाला, तुमच्या हातात पेन्सिल होती तोवर कुणाला साधं खरचटलं नव्हतं. चहावाला न मागता कप आणून ठेवतो. मी तो पितो, ठमे. गोड लागतो.

सॉफ्टवेअरसाठी माहिती घ्यायला तू चार जणांना घेऊन आमच्या खोलीत आलीस आणि सगळ्यांदेखत मला 'सर' म्हणालीस, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. टेबलाएवढा माझा तो तक्ता, प्रत्येक गाडीची वेगळ्या रंगाची रेघ. लहानपणी त्या पेन्सिलींना टोक तूच काढायचीस आणि टोक काढता काढता निम्मी पेन्सिल संपवायचीस. तीन आठवडे तू विचारत होतीस, मी सांगत होतो. कुठला फलाट आखूड, दोन गाड्यांत किती मिनिटं सोडायची, सगळं. मग एके दिवशी तुझ्याबरोबरच्या चष्मेवाल्यानं तक्त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, आता हा चौकटीत घालून भिंतीवर टांगू, आठवण म्हणून. सगळे हसले. तूही हसलीस. तो पोरगा काही वाईट नव्हता, पण माझ्या मस्तकात तिडीक गेली. छत्तीस वर्षं मी काय भिंतीवर टांगायचं काम करत होतो?

त्या मंगळवारचं तू अहवालात वाचलंस, मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळची नऊ वीसची गाडी कायम पहिल्या फलाटावर यायची. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घेणारी माणसं तिनं येतात आणि पहिल्या फलाटाच्या दारातून बाहेर पडलं की समोरच इस्पितळ. तुमच्या सॉफ्टवेअरनं ती सहाव्यावर घेतली, म्हणजे पूल चढायचा, चव्वेचाळीस पायऱ्या. त्यांच्यातल्याच एक निवृत्त शाळामास्तरीण बाई वरून तिसऱ्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तर मलाच विचारू लागल्या, आमची गाडी का हो हलवली? मी म्हणालो, मशीननं हलवली. त्यांनी मान डोलावली आणि मला बसायला खुर्ची दाखवली.

घरी आल्यावर तुझी आई म्हणाली, लेकीनं बापाला नीट विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. मी आणखी थोडी आमटी वाढून घेतली. मग तुझा फोन आला. तू रडत होतीस. मी काही विचारायला विसरले का, बाबा, असं विचारत होतीस आणि मी, तुझा जन्मदाता, म्हणालो, होतं असं कधी कधी. फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच एवढी घाण वाटली की तोंड धुऊन आलो.

सोमवारी 'माहिती गोळा करण्यात माझी चूक झाली' या कागदावर तुझी सही मागणार आहेत. ती करू नकोस. शेवटच्या दिवशी तू विचारलं होतंस की कुठेच लिहिलेलं नाही पण पाळलं जातं, असं काही राहिलंय का. नऊ वीसची गाडी अगदी जिभेवर होती. मी नाही म्हणालो. तू निघताना दारातून पुन्हा विचारलंस, मी पुन्हा नाही म्हणालो. अपघाताच्या आदल्या दिवशी पडद्यावर तिच्यापुढे सहाचा आकडा दिसला, तेव्हाही एक बटण दाबून तो बदलता आला असता. मी हाताची घडी घालून बसलो, आणि मनात उकळ्या फुटत होत्या. वाटलं, लोक बोंबलतील, यांची जिरेल, मला बोलावणं येईल. कुणी पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे सगळं लिहून, सही करून, आज सकाळी अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांच्या हातात दिलं आणि पोच घेतली. ती सोबत जोडली आहे. आईला आज जेवताना सांगणार आहे, मास्तरीणबाईंना उद्या. तू विचारायला विसरली नव्हतीस, ठमे. तू दोनदा विचारलं होतंस.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
बाबा