चरकातून निघालेलं चित्र

पुणे, ९ ऑगस्ट २००४

चि. अस्मितास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल. ईमेल करत नाही, कारण त्यात मला खवचटपणा नीट जमत नाही.

'महिनाभर बघा आणि हो की नाही ते कळवा' म्हणून तू पाठवलेला योस्त सुखरूप आहे. आईने कांदेपोहे दिले, ते तीनदा मागून घेतले. मी रीतसर विचारलं, "शिक्षण?" म्हणे, पोस्टमन होतो. वाचनालयातलं एक पुस्तक बघून घरीच ही कोरीव छपाई शिकलो, पहिली चित्रं छपराच्या जस्ताच्या पत्र्यावर काढली. गुरू कोण? तर अ‍ॅसिडने भोकं पडलेल्या पँटी! अख्ख्या हॉलंडात तुला हाच सापडला. धन्य आहे.

इथे तांबट आळीतून त्याने तांब्याचा पत्रा आणला. त्यावर मेण, मेणात सुईने चित्र, मग अ‍ॅसिड. रेघा खोल झाल्या की त्यांत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबायचं. पण दाबायला यंत्र कुठे? साहेब थेट हडपसरला, सोजरबाईंच्या पावसाळ्यात बंद असलेल्या रसवंतीत. मी दुभाष्या. बाई म्हणाल्या, "लोखंड हाय ते. ऊस काय अन् तांबं काय, दाबनारच की!"

उसाच्या चरकाचं चाक मी फिरवलं. चित्रात काचेची आयटी इमारत, पुढ्यात भाजीवाल्या. आणि सगळ्यावर चरकाच्या खाचांच्या रेघा! मला वाटलं, गेलं वाया. हा मात्र नाचायलाच लागला. म्हणाला, "हे हडपसरनेच काढलंय." मलाही आवडलं, पण त्याला सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळतोय, हे तू ओळखलं असशीलच. मी हो म्हटलं की तू कायमची तिकडची झालीस, अशी भीती वाटते गं. म्हणून काल त्याला विचारलंच, "लग्नानंतर राहणार कुठे?" म्हणाला, "तिची नोकरी असेल तिथे. माझं सामान एका पिशवीत मावतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो, "बायकोच्या मागे फिरणारा नवरा हा!" कोथिंबीर निवडता निवडता आई म्हणाली, "अहो, तुमच्या प्रत्येक बदलीला मी शाळेतली नोकरी सोडून मागे आले. तेव्हा नाही नवल वाटलं कुणाला?"

मीही एक जुडी ओढली आणि निवडायला बसलो.

तेव्हा माझ्याकडून हो. लग्न पुण्यात करा, राहा कुठेही. फक्त येत जा. फार आठवण येते तुझी.

आणि हो, आल्या दिवसापासून तो मला 'बाबा' म्हणून हाक मारतोय. आज सकाळी मी पहिल्यांदा ओ दिली.

तुम्हा दोघांचा,
बाबा