रॅमची जोडी

३ जून, मंगळवार
समताची नोकरी पक्की झाल्यात जमा. पुण्याची कंपनी, काम मात्र जानेफळात घरी बसून. पोर घरीच राहील, म्हणजे तिच्या आईला बरं. अट एकच: १६ तारखेला ते तिकडून आपल्या कॉम्प्युटरची चाचणी घेणार. आपला चार जीबी रॅमवर रडतखडत चालतो. समता म्हणे, बाबा, रॅमची आठची एक पट्टी टाकून द्या, काम भागते. मुलांना घाई फार. विषय मी हातात घेतला आहे. कृषी सहायक म्हणून सारी नोकरी निर्णय घेण्यात गेली. तिची आई म्हणे, सह्या करण्यात. दुर्लक्ष केले.

५ जून
व्हिडिओ पाहिले. एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या दोन लावल्या की वेग वाढतो. दोघी मिळून ओढतात. म्हणजे बैलजोडीच की! हे आम्हाला कोणी शिकवायचं काम नाही. ठरले: आठ अधिक आठ. एकच कंपनी, एकच रंग.

८ जून, रविवार
मेहकरला गोकुळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. आठची एकच शिल्लक. गोकुळ म्हणे, काका, हे घेऊन जा, जुनी चारची राहू द्या संगं, पोरीचं काम होऊन जाते. बैलासंगं गोऱ्हा जुंपायला सांगतो लेकाचा! साफ नाही म्हटले.

१० जून
ती पट्टी विकली गेली. बरे झाले, मोह सुटला. अकोल्याहून जोडी मागवली.

१२ जून
जुनी पट्टी गोकुळला देऊन टाकली. आमच्या वडिलांची शिस्त होती: जुनी जोडी दावणीवरून हलल्याशिवाय नवी आणायची नाही, नवीला करमत नाही. गोकुळ म्हणे, काका, आताच काऊन आणली? नवीन बसोतानी काढली असती. समजावून सांगितले. मान हलवली, पटले असावे.
घरी पट्टीवाचून कॉम्प्युटर नुसता टूं टूं करतो. अपेक्षितच. समताने बटण पुन्हा दाबून पाहिले. तिची आई बोलली. ते लिहीत नाही.

१४ जून
जोडी आली. एक हिरवी, एक काळी. परत पाठवली, एका रंगाची मागवली. गोकुळ म्हणे, डब्याच्या आत कोण पाह्यते? मी पाहतो. समता म्हणे, मंग जुनीच वापस आणा. जुनी विकली गेली.

१६ जून, सकाळी ११
चाचणी झाली नाही. टूं टूं. कंपनी म्हणाली, घरून जमत नसेल तर पुण्याच्या ऑफिसात या, लॅपटॉप आम्ही देऊ. समता हो म्हणून मोकळी! चार दिवस दम धरवत नाही.
तिची आई म्हणे, पोरगी घरी राहावी म्हणून जीव टाकत होते, आन् तुमीच धाडली तिले. तसे काही नाही. बाब तांत्रिक होती.

२२ जून
समताला गाडीत बसवून दिले. बॅग मीच वर ठेवली. म्हणे, बाबा, येळेवर जेवत जा.

२६ जून
जोडी आली. दोन्ही हिरव्या. बसवली. बटण दाबले की कॉम्प्युटर हजर! काय वेग! जानेफळात असा कोणाकडे नसेल. समताच्या आईला बोलावून दाखवला. म्हणे, आता याच्यावर करता काय?
पत्ते खेळलो. पत्ते भराभर वाटले जातात. एकच डाव खेळलो.
मले करमून नाही राह्यलं.