सायबेरियातली चौकशी

चँडलर, अॅरिझोना
सोमवार, ६ ऑक्टोबर

सौ. शुभावहिनींना मनोहरचा नमस्कार.

मी सुखरूप परत आलो. थोडी सर्दी आहे, पण ती सायबेरियातली नाही, परतीच्या विमानातल्या एसीची आहे, तेव्हा 'मी सांगितलं होतं' असं म्हणू नका. तुमचं बीपी कसं आहे? दादाचा गुडघा काय म्हणतो? फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम तो करतो, की तुमच्यासमोर दोनदा पाय हलवून पुन्हा सोफ्यावर बसतो? तुमच्याकडे पार्सिपनीत आता थंडी सुरू झाली असेल. इथे ऑक्टोबर लागला तरी पस्तीस डिग्री आहे आणि शेजारचा अजून पूलमध्येच असतो. एवढं सगळं फोनवर न सांगता कागदावर का लिहितोय, तर तुमचा फॉरवर्ड करायचा हात फार सढळ आहे. मागे माझ्या पोटाच्या टेस्टचा रिपोर्ट मी फक्त तुम्हाला पाठवला होता. दहा मिनिटांत 'निमकर परिवार' ग्रुपवर एकोणीस जणांनी हात जोडले. कागद फॉरवर्ड होत नाही.

आता तुम्हाला माहीत असलेलंच पहिल्यापासून लिहितो, कारण पत्र दादाही वाचणार आणि त्याला कुठल्याच गोष्टीची सुरुवात आठवत नसते. दादा, तुझ्या मुलीला, म्हणजे नेत्राला, दोन वर्षांपूर्वी डेन्व्हरच्या एका कॉन्फरन्समध्ये सिद्धेश नावाचा मुलगा भेटला. मूळचा नाशिकचा, सध्या सायबेरियात टोम्स्क नावाच्या गावी, तिथल्या जुन्या विद्यापीठात, दलदलीवर संशोधन करतो. दोघांना लग्न करायचं आहे. वहिनींनी ना हो म्हटलं ना नाही म्हटलं, 'आधी चौकशी करू' म्हटलं. आणि चौकशीला मला धाडलं. तुम्ही सगळे केव्हाच अमेरिकन सिटिझन झालात, मी एकटा ग्रीन कार्डावर राहिलो (याबद्दल मला या घरात तीस वर्षं ऐकवलं गेलं आहे), आणि भारतीय पासपोर्टवर रशियाचा व्हिसा घरबसल्या कॉम्प्युटरवर मिळतो. म्हणजे अख्ख्या खानदानात सायबेरियाच्या लायकीचा मीच निघालो.

खरं सांगायचं तर, वहिनी, मला हे काम नको होतं. पाच वर्षांपूर्वी मॉरिसव्हिलच्या त्या अथर्वची चौकशी मीच केली होती. तो हॉटेलात वेटरशी तुसडेपणाने बोलला एवढं मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही ते स्थळ मोडलंत. नंतर कळलं की त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती. नेत्रा त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी फक्त 'हाय काका, बाय काका' एवढंच बोलली. माझी बायको सुधा गेल्यापासून या देशात माझ्या घरी आपणहून फोन करणारी ती एकटी, आणि तीच गप्प झाली. मला फार लागलं होतं ते. पण तुम्हाला नाही म्हणायची माझी हिंमत आजवर झालेली नाही, म्हणून सव्वीस तासांचा प्रवास करून गेलो.

टोम्स्कचं घड्याळ चँडलरच्या बरोबर चौदा तास पुढे आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस मला सकाळी झोप आणि रात्री भूक लागली. गाव छान आहे. तुम्ही म्हणाला होतात की तिथे माणसांना शिक्षा म्हणून पाठवायचे. पाठवायचे खरे, पण त्यातल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांनी तिथेच बस्तान बसवलं असं हॉटेलातल्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. लाकडी घरं आहेत, आणि त्यांच्या खिडक्यांभोवती लाकडाचंच इतकं बारीक कोरीव काम की लेस लावल्यासारखं दिसतं. काही घरं एका बाजूला कलली आहेत, तरी आत पडदे धुतलेले आणि खिडकीत कुंड्या. विद्यापीठ एकोणिसाव्या शतकातलं, पांढरंशुभ्र, पुढे बर्चची आणि देवदाराची झाडी. पानं पिवळी झाली होती. बायका रस्त्याच्या कडेला पेल्यानं मोजून पाइनच्या बिया विकत होत्या. त्या दातांनी फोडायच्या असतात. माझी डाव्या बाजूच्या दातावरची कॅप तिथे सैल झाली. हवा चार डिग्री. मी एकावर एक तीन स्वेटर घातले होते आणि वरून सुधाने विणलेली माकडटोपी. त्या वेषात गुप्त चौकशी करायची होती.

चौकशीचे आपले नियम ठरलेले आहेत: कामाची जागा, शेजार आणि वाणी. मुलाला कळता कामा नये. तुम्ही दिलेली अकरा प्रश्नांची यादी माझ्या आतल्या खिशात होती (सातवा आणि नववा प्रश्न एकच आहे, फक्त शब्द वेगळे, 'पितो का' आणि 'संगत कशी आहे'). पहिल्या दिवशी विद्यापीठात गेलो. दारातल्या बाईंनी पास मागितला. मी चँडलर पब्लिक लायब्ररीचं कार्ड दाखवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि मला हाताला धरून बाहेर झाडीत आणून सोडलं. तिथे बाकावर एक मुलगी मोबाइलवर चक्क मराठीत आईशी भांडत होती. लातूरची, यामिनी नाव, तिथे मेडिकल करते. फोन झाल्यावर मी सहज म्हणून विचारलं की इथे कोणी सिद्धेश आहे का. ती माझ्या टोपीकडे बघून म्हणाली, काका, स्थळ आहे का? मी म्हटलं, छे, मी टुरिस्ट आहे. ती म्हणाली, टुरिस्ट लोक घरं बघतात, तुम्ही माणसं बघताय. मग तिने आपणहून सांगितलं की सिद्धेशदादा दर रविवारी ज्युनिअर पोरांना पोहे करून घालतो, पण मीठ कमी टाकतो. हे मी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाणी. त्याच्या घराखालीच एक छोटं दुकान आहे. काउंटरवरच्या बाईंना मी फोनवरच्या ट्रान्सलेटरमधून विचारायला लागलो. आधी सिद्धेशचा फोटो दाखवला. मग, हा मनुष्य घरी किती वाजता येतो, काय विकत घेतो, बाटली घेतो का, याच्याकडे कोण कोण येतं, एखादी बाई येते का. वहिनी, हे प्रश्न डोंबिवलीत विचारले असते तर वाण्याने स्टूल पुढे करून चहा मागवला असता आणि मुलाच्या आजोबांपासून सुरुवात केली असती. टोम्स्कमध्ये परका माणूस, तोंड टोपीत, हातात फोटो, आणि असले प्रश्न. त्या बाईंचा चेहराच उतरला. त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं, मला आत ठेवून, आणि फोन केला. मला वाटलं पोलीस. पाच मिनिटांत सिद्धेशच्या घरमालकीणबाई आल्या, गालिना पेत्रोव्ना. वय सत्तर, भूगोलाच्या रिटायर्ड शिक्षिका, हातात छत्री. मी घाबरून तुमची अकरा प्रश्नांची यादीच त्यांच्यापुढे धरली. ती मराठीत होती. पण आकडे घातलेली यादी आणि माझं वय बघून त्या बाईंना काय समजायचं ते समजलं. कोपराला धरून त्यांनी मला जिना चढवला, दारात बूट काढायला लावले (आपल्यासारखंच आहे तिथे), पायात सपाता दिल्या, स्वयंपाकघरात बसवलं आणि सिद्धेशला बोलावून घेतलं.

पोरगा धावत आला. उंच, किडकिडीत, चष्म्याला थोडा चिखल. वाकून नमस्कार केला. म्हणाला की मी आल्याचं त्याला कालच यामिनीकडून कळलं होतं, पण काकांची चौकशी चालू आहे तर मधे यायला नको म्हणून तो थांबला होता. मी म्हटलं, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बस. अडचण अशी की बाईंना इंग्रजी येईना, मला रशियन येईना, आणि माझ्या फोनची बॅटरी दोन टक्के. मग काय, सिद्धेशची चौकशी सिद्धेशनेच ट्रान्सलेट केली. मी त्याला मराठीत विचारायचं, 'मुलगा दारू पितो का?' तो रशियनमध्ये बाईंना विचारणार, आणि मग मला मराठीत सांगणार: नववर्षाला दोन छोटे पेले पितो आणि नंतर फार बेसूर गातो, शेजारी तक्रार करतात. रागीट आहे का? रागीट नाही, पण रुसतो, दोन-दोन दिवस बोलत नाही. स्वच्छ आहे का? बाई म्हणतात, स्वतः आहे, पण दलदलीतून आणलेल्या मातीच्या बरण्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि त्यावरून आमचं वर्षातून एकदा कडाक्याचं भांडण होतं. हे सगळं तो कान लाल करून, एक शब्द न गाळता सांगत होता. पुढे मी फोन चार्जिंगला लावला आणि न सांगता ट्रान्सलेटर चालू ठेवला. बाईंनी म्हटलेलं आणि त्याने सांगितलेलं शब्दाला शब्द जुळलं. उलट फ्रिजचं भांडण वर्षातून तीनदा होतं हे बाईंनी नंतर कबूल केलं. तेही त्यानेच मला सांगितलं.

नंतर बाईंनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मुलाचे आईवडील नाशिकला, तेव्हा इथे विचारणारी मीच, असं त्यांचं म्हणणं. मुलगी थंडीत चिडचिड करते का? स्वयंपाक कोण करणार? मुलीची आई कशी आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सिद्धेशसमोर द्यायचं होतं, त्यामुळे मी जपून सांगितलं की करारी आहेत, मनाने मऊ आहेत, आणि ते मऊपण दिसायला साधारण वीस वर्षं लागतात. बाई बराच वेळ हसल्या. मग त्यांनी मला बिटाचं सूप वाढलं. तुमच्या टोमॅटोच्या साराची सर नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला धास्ती आहे की पोरगी सायबेरियात नांदायला जाणार. तर, सिद्धेशपुढे नोकरीचे दोन कागद आहेत. एक मिनेसोटातल्या विद्यापीठाचा (तिथेही दलदल आहे, आणि पार्सिपनीहून तीन तासांचं विमान), दुसरा टोम्स्कमध्येच आणखी तीन वर्षं राहण्याचा. सही या महिनाअखेर करायची आहे. कुठली करणार म्हणून मी विचारलं. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो: "काका, काकू नाही म्हणाल्या तर मी मिनेसोटाला येणार नाही. तिथे आलो की नेत्रा आईला दुखावून माझ्याकडे येईल, आणि मला ती तशी यायला नकोय." मग त्याने हळूच विचारलं की काकूंचं काय म्हणणं आहे. वहिनी, मी अडतीस वर्षं चिपच्या कारखान्यांत काढली, कोण कशाला टरकतो ते मला चेहऱ्यावर दिसतं. पोरगा आतून पार हलला होता. मी आपलं 'बघू, कळवतो' म्हटलं आणि हॉटेलवर आलो.

तेव्हा माझा रिपोर्ट असा: मुलगा चांगला आहे. मीठ कमी टाकतो, बेसूर गातो, रुसतो. बाकी मला काही सापडलं नाही, आणि मी मनापासून शोधलं. निर्णय तुमचा. दादाचं मत विचारू नका, तो 'शुभा म्हणेल ते' म्हणेल. त्याला आशीर्वाद, नव्हे, तो मोठा आहे, नमस्कार.

तुमचा,
मनोहर

ता. क. पाइनच्या बियांची पिशवी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. दातांनी फोडू नका.

ता. क. २. वर 'बघू, कळवतो' म्हटलं असं लिहिलंय ते खरं नाही. म्हणणार होतो. पण आपल्यात 'कळवतो' म्हणजे काय हे त्या नाशिकच्या पोराला चांगलं ठाऊक आहे, आणि अथर्वच्या वेळी मी हेच म्हटलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की काकूंचा होकार आहे. तो पोरगा चष्मा काढून रडला. बाईही रडल्या, कशासाठी ते त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत त्याने नेत्राला फोन लावला.

ता. क. ३. तेव्हा नेत्राला माहीत आहे. मी तिला सांगितलंय की आईलाच स्वतःच्या तोंडाने होकार सांगू दे, तू विषय काढू नकोस. गेले दोन शनिवार ती जर्सी सिटीहून येऊन तुमची भाजी निवडून देते आहे ती त्यासाठीच. ओट्याशी उभी राहून ती वाट बघते आहे, वहिनी.

ता. क. ४. हे पत्र तुम्हाला शुक्रवारपर्यंत मिळेल असं पोस्टातली बाई म्हणाली. रविवारी सकाळी नऊला सिद्धेशच्या आईचा नाशिकहून फोन येईल. मला काय शिव्या घालायच्या त्या शनिवारी घाला, मी दिवसभर घरीच आहे. पण रविवारी एवढं लक्षात ठेवा, मी त्यांना सांगून बसलोय: तुम्ही गणपतीतच हो म्हणाला होतात, मधे पितृपक्ष लागला म्हणून कुठे बोलला नाहीत.