दोषांचा कागद

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग जात नाही. वर्गात माझा निबंध मोठ्यानं वाचून पोरांना हसवलंत, ते मी केव्हाच सोडून दिलं. इथे कॅनडात, केंब्रिजला, दुसऱ्याच्या वर्कशॉपात झाडू मारत सुरुवात केली, आज स्वतःचं आहे. निबंधावाचून काही अडलं नाही. राग आहे तो आईसाठी.

एकोणिसाव्या शतकातल्या त्या दोन लेखिका तुम्हीच आमच्या घरात आणल्यात. दोघी मैत्रिणी, लिहिलेलं एकमेकींना पाठवायच्या, आणि उत्तरात दोन कागद: दोषांचा आधी, गुणांचा नंतर. त्यांच्यावर पुस्तक लिहून तुमचं भागलं नाही. शाळेतल्या मैत्रिणीला, म्हणजे माझ्या आईला, तोच नेम लावलात. "कौतुक काय, शेजारीणही करते गं. मग मी कशाला हवी?" ठाण्याच्या आमच्या स्वयंपाकघरात हे किती वेळा ऐकलंय मी! आणि आई अशी, की तुमचे दोष वाचून तिला हुरूप यायचा.

पुढे तुम्ही मुलीकडे हॅलिफॅक्सला आलात, आई माझ्याकडे. सत्तरीत तिनं कादंबरी लिहिली. तुमचे दोष आले की दुरुस्त करून प्रकाशकाकडे धाडायची, एवढीच तिची इच्छा. तेवढ्यात तिला कॅन्सर निघाला. मी स्वतः फोन करून तुम्हाला सांगितलं. तरी तुमचं पाकीट आलं, दोषांचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला! केमो चाललेल्या माणसाला कुणी असं लिहितं? तोवर आईचे डोळे गेले होते, पत्रं मीच वाचून दाखवायचो. मेलबॉक्सपाशी उभ्यानंच पाकीट फोडलं, तो कागद जॅकेटच्या खिशात घातला आणि घरात येऊन गुणांचा तेवढा वाचला.

"आणि पहिला कागद?"

"एवढाच आलाय. दोष नाहीतच म्हणे."

आई किचनच्या टेबलाशी बसून आहे, चहा निवतोय. "आजारी म्हणून सोडलं मला तिनं," ती म्हणते. "ठेव ती वही वर." वही पुन्हा खाली आली नाही. तुमचा फोन आला की, "सांग, झोपलेय."

तुम्ही मला विचारलंत, "रागावली का रे? खरं लिहिलं म्हणून?" मी म्हणालो, "तुम्हीच बघा बाई, काय लिहिलंत ते." त्यानंतर तुम्ही फोन करणंच बंद केलंत. साठ वर्षांची मैत्री आणि एवढ्यात माघार? खऱ्याची इतकी चाड होती, तर विमानात बसून यायचं होतं, तोंडावर बोलायचं होतं. आई गेल्यावर तुमचं कार्ड आलं. त्यात मात्र सगळे गुणच.

आईला त्रास नको म्हणून कागद लपवला, असं मी सगळ्यांना सांगतो. बायकोलाही तेच सांगितलंय. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. पहिले पाच दोष मी तिला वाचून दाखवणार होतो. तेवढं ती सहज सोसायची. सहावा वाचला आणि कागद खिशात गेला. तुम्ही लिहिलं होतंत, "यातला मुलगा खोटा वाटतो. इतका हळवा, आईचं सगळं ऐकणारा. तुझा असा नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आहे तसा लिही."